फळा कुणी बंद केला?

३ सप्टेंबर

प्रिय आत्या,

सा. नमस्कार. हे पत्र तुला आहे, पण ज्यांनी ज्यांनी वर्गात प्रश्न विचारला आणि उत्तराऐवजी पंख्याची घरघर ऐकली, त्या तमाम शिक्षकांच्या वतीने आहे. आपली सगळ्यांची फिर्याद एकच: वर्ग गप्प बसतो. गोंगाट परवडला, भांडण परवडलं, पण ही शांतता सोसवत नाही. आपण तिला शिस्त म्हणतो, तपासणीच्या दिवशी मिरवतो, आणि मनातून पक्कं ओळखून असतो की समोर बसलेली पोरं हजेरी देऊन केव्हाच निघून गेली आहेत.

गेल्या महिन्यात आमच्या शाळेत वर्गावर्गात स्मार्ट बोर्ड बसले. भिंतीएवढा पांढरा फळा, त्यावर वरून उजेड पडतो. बोटाने लिहिता येतं, चित्रं सरकवता येतात, कालचं पान आज पुन्हा उघडता येतं. बसवणारा तंत्रज्ञ ताडमाड उंच, त्याने आपल्या खांद्याच्या मापाने खिळे ठोकले. मुलांचा हात पोचतो तो फक्त खालच्या पट्टीपर्यंत. हे कुणाच्या लक्षातसुद्धा आलं नाही, कारण फळ्याला मुलंही हात लावतील हे कुणाच्या डोक्यातच नव्हतं.

माझ्याही नव्हतं. मी त्यावर धडधडणारं हृदय दाखवलं, फुटणारा ज्वालामुखी दाखवला. मुलं सिनेमा पाहिल्यासारखी बसली. खिडक्या उघडल्या तेव्हा एकाने जांभई दिली. "समजलं?" म्हटलं. "हो." "काही शंका?" "नाही." आत्या, हे 'हो' मला थपडेसारखं लागतं.

वर्गात एक मुलगी आहे. सगळे तिला मुंगी म्हणतात, कारण ती बारीक आहे आणि भिंतीच्या कडेने चालते. शाळा सुरू होऊन तीन महिने होत आले, हजेरीला हात वर करते, पण तोंड उघडत नाही. तिची आई सांगते, घरी बोलते. मग माझ्यासमोर का नाही? तिला बोलतं करता आलं नाही तर मला बाई म्हणवून घ्यायचा काय अधिकार?

तुझ्या वर्गात मी बसलेली आहे. तिथे बाकंसुद्धा बोलायची. सांग, काय करू? आणि तुझ्या शिक्षक संघटनेत हे पत्र खुशाल वाचून दाखव. आमचं रडगाणं अध्यक्षबाईंच्या खणखणीत आवाजात तरी लोकांच्या कानावर पडू दे.

तुझी,
टकळी

---

९ सप्टेंबर

प्रिय टकळे,

अनेक आशीर्वाद. पत्र वाचता वाचता चहा गार झाला आणि डोकं तापलं.

त्या उजेडी फळ्यांवर माझा राग आहे आणि तो मी झाकून ठेवत नाही. ज्या शाळांमध्ये पुस्तकांच्या कपाटाला कुलूप असतं आणि त्याची किल्ली सापडत नाही, त्या शाळा भिंतीवर प्रकाश पाडून ज्ञान देणार! अगं, जगातला पहिला वर्ग भरला तेव्हा फळा होता का? कुणीतरी काहीतरी सांगितलं असेल, ऐकणाऱ्याने मान हलवून "मला नाही पटत" म्हटलं असेल, आणि त्या क्षणी शाळा सुरू झाली असेल. ज्या वर्गात "मला नाही पटत" म्हणायची सोय नाही, तिथे सोन्याचा फळा लावा, ते गोदामच राहणार.

तू विचारलंस म्हणून सांगते. असा एक प्रश्न घे, जो रोज प्रत्येकाच्या घरात घडतो आणि ज्याकडे कुणी पाहत नाही. तो विचार आणि गप्प बस. गप्प म्हणजे अगदी गप्प. तुला जड जाईल, मला ठाऊक आहे. लहानपणी तू बोलायची थांबलीस की दादा घाबरून तुझ्या कपाळाला हात लावून बघायचा. तरी थांब. आणि चुकीचं उत्तर आलं तर पुसायला धावू नकोस. चुकीचं उत्तर हा वर्गातला पाहुणा असतो, त्याला आधी बसायला सांगावं.

पत्र वाचून दाखवायची परवानगी दिलीस, ती लक्षात ठेवते.

तुझी,
आत्या

---

२१ सप्टेंबर

प्रिय आत्या,

बसायला जागा शोध आणि मग वाच.

प्रश्न घेतला: ओला कपडा वाळतो तेव्हा पाणी कुठे जातं? फळ्यावर दोरी काढली, दोरीवर कपडा, कपड्यात निळे थेंब. थेंब बोटाने सरकवता येतील असे ठेवले. खोक्यांचा पाट करून फळ्याखाली मांडला. म्हटलं, "ज्याला वाटेल त्याने यायचं आणि थेंब हवे तिथे न्यायचे. मी बोलणार नाही." आणि मागच्या बाकावर जाऊन बसले.

आधी कुणीच उठेना. मी जीभ दाताखाली धरून बसले होते. मग आमचा वकील उठला. हा मुलगा मधल्या सुट्टीतसुद्धा मुद्दे मांडतो, म्हणून वकील. त्याने थेंब ओढून जमिनीवर ठेवले. "गळून जातं. सोपं आहे." दुसरी म्हणाली, "आमच्या गॅलरीत खाली काहीच ओलं नसतं," आणि तिने थेंब सूर्यात नेऊन टाकले. तिसऱ्याने वाऱ्याला दिले. पाटावर ढकलाढकली सुरू झाली. एकाने दुसऱ्याचे थेंब पळवले तसा तो ओरडला, "माझं उत्तर ठेव जागेवर!" आत्या, "माझं उत्तर!"

आणि मुंगी उठली. भिंतीच्या कडेनेच गेली, पाटावर चढली आणि सगळे थेंब उचलून कपड्याच्या आत ठेवले. बाण काढला, आत जाणारा. पाणी कपड्यातच मुरतं, कपडा ते पिऊन टाकतो, असं तिचं म्हणणं. वर्ग हसला. वकील उभा राहिला. "बाई, हे कसं शक्य आहे? मग वाळलेला कपडा ओल्याइतकाच जड लागायला हवा!"

मुंगी वळली. म्हणाली, "मग वजन कर."

एवढंच. आवाज घोगरा, न वापरलेला. वर्ग चिडीचूप झाला, पण ही शांतता वेगळी होती. सगळे तिच्या पुढच्या शब्दाची वाट पाहत होते.

प्रयोगशाळेतून तराजू आणला. ओल्या रुमालाचं वजन फळ्यावर मुंगीनेच लिहिलं, पान तसंच साठवलं आणि रुमाल खिडकीत टाकला. खडूचा फळा असता तर पुढच्या तासाच्या बाईंनी पुसला असता आणि तिचा बाण खडूच्या भुकटीत गेला असता. दुसऱ्या दिवशी कालचं पान उघडलं, तर तिचा चुकीचा बाण जिथल्या तिथे, सगळ्यांचे थेंब जिथल्या तिथे. भांडण कालच्या ठिकाणाहून पुढे सुरू! वाळलेला रुमाल हलका भरला. मी काही बोलायच्या आत मुंगी पाटावर. तिने आपला बाण स्वतःच्या बोटाने उलटा केला, कपड्याबाहेर. पण थेंब सूर्याकडेही नेले नाहीत आणि वाऱ्याकडेही नाहीत, अधांतरी सोडले आणि वर्गाला विचारलं, "गेलं, तर जाताना दिसत का नाही?"

त्या प्रश्नावर आम्ही आठवडाभर भांडतोय. ती रोज बोलते आहे. थोडंच, पण रोज.

तुझी,
टकळी

---

२७ सप्टेंबर

प्रिय टकळे,

पत्र दोनदा वाचलं. "मग वजन कर!" या पोरीला माझ्या संघटनेत घेतलं असतं तर निम्म्या बैठका लवकर आटपल्या असत्या.

पण श्रेय फळ्याला देऊ नकोस. श्रेय प्रश्नाचं, आणि मागच्या बाकावर बसलेल्या तुझं. कोळशाने भिंतीवर काढलं असतंस तरी हेच घडलं असतं. यंत्राच्या प्रेमात पडलेला शिक्षक हळूहळू यंत्राचा शिपाई होतो, असे मी बरेच पाहिले आहेत.

पुढच्या आठवड्यात एका कामासाठी तुमच्या शहरात यायचं आहे. जमलं तर डोकावेन. एक बोलायचंही होतं, पण ते समोरासमोर बरं.

तुझी,
आत्या

---

१४ ऑक्टोबर

आत्या,

तू येऊन गेलीस आणि डोकावली नाहीस. का, ते काल शिक्षक खोलीत कळलं.

मुख्याध्यापिकांनी परिपत्रक वाचलं. व्यवस्थापन समितीचा आदेश: यापुढे स्मार्ट बोर्डाला विद्यार्थ्यांनी हात लावायचा नाही. बोर्ड फक्त शिक्षक चालवतील. कारण? "शिक्षक संघटनेच्या अध्यक्षांनी मांडलेल्या गंभीर तक्रारीची दखल घेऊन." मग त्यांनी तुझं निवेदन वाचलं. 'एका तरुण शिक्षिकेच्याच शब्दांत सांगते, मुलं सिनेमा पाहिल्यासारखी बसतात.' हृदय, ज्वालामुखी, जांभई, सगळं माझं. खोलीत माना डोलत होत्या. शेजारच्या बाई म्हणाल्या, "कोण असेल गं ही? अगदी मनातलं लिहिलंय." मी कपात तोंड घालून बसले.

पत्र वाचून दाखव असं मीच लिहिलं होतं, तेव्हा तो आळ तुझ्यावर घेत नाही. पण समितीपुढे उभी राहिलीस तेव्हा माझं दुसरं पत्र तुझ्यापर्यंत पोचलेलं होतं. त्याचं उत्तर तू मला दिलंस! मुंगी, वकील, तराजू, सगळं तुला माहीत होतं. त्यातलं एक अक्षर तरी त्या टेबलावर ठेवलंस?

आता आजचं ऐक. सकाळी तंत्रज्ञ येऊन बोटांचं कुलूप लावून गेला. माझा पासवर्ड टाकला तरच फळा हाताला ओळखतो. हे मला तास सुरू झाल्यावर कळलं, तोवर मुंगी पाटावर चढली होती. आदेशाचं मी मुलांना अजून सांगितलंही नव्हतं. कालच्या पानावर तिला काहीतरी हलवायचं होतं. तिने बोट लावलं. काही झालं नाही. पुन्हा लावलं. बोट फ्रॉकला पुसलं, कोरडं केलं आणि हळूच पुन्हा लावलं. फळा ढिम्म. तिने आपल्या बोटाकडे पाहिलं आणि भिंतीच्या कडेने जागेवर जाऊन बसली. हात बाकाखाली.

मी पासवर्ड टाकू शकले असते. टाकला नाही. मी अजून कायम झालेले नाही, आणि मुख्याध्यापिका दारात उभ्या होत्या.

टकळी

---

१९ ऑक्टोबर

प्रिय टकळे,

तुझं पत्र उभ्याने वाचलं, बसायचं सुचलं नाही.

जे झालं ते सरळ सांगते. समितीच्या त्या लांबलचक टेबलाशी मी म्हणाले, फळे काढा, शिक्षक द्या, कपाटं उघडा. टाळ्या पडल्या. आपलं ऐकलं जातंय असं वाटलं की माणूस आणखी मोठ्याने बोलतो, तशी मी बोलले. पण फळे काढले तर उद्घाटनाच्या फोटोंचं काय करायचं? मग त्यांनी मधला रस्ता शोधला. मी फळे काढा म्हणाले, त्यांनी मुलं काढली. आणि वर माझे आभार मानले.

तुझं दुसरं पत्र माझ्या पिशवीत होतं. बाहेर काढलं नाही. ती मुलगी माझ्या भाषणात बसत नव्हती. तिचं नाव घेतलं असतं तर कुणीतरी विचारलं असतं, मग फळा वाईट कसा? आणि माझ्या हातातलं भाषण तिथेच कोसळलं असतं. म्हणून तुला न भेटता परत आले. तुझ्या तोंडाकडे पाहून हे सांगायची हिंमत झाली नाही.

पण हार मानणारी बाई मी नव्हे. जानेवारीत संघटनेचं अधिवेशन आहे. हजारो शिक्षक येतील. मी स्वतः ठराव मांडते: ज्या साधनाला मुलांचा हात लागायचा नाही, ते साधन शाळेत नको. असं भाषण करीन की समितीच्या खुर्च्या हलतील. मसुदा सुरूही केला आहे. तोवर धीर धर. आणि मुंगीला समजावून सांग की फळा बिघडलेला नाही, मोठ्यांनी बंद केला आहे. शहाणी मुलगी आहे, समजेल.

तुझी,
आत्या

---

६ नोव्हेंबर

प्रिय आत्या,

उत्तराला उशीर झाला. आधी तू सांगितलंस ते सगळं करून पाहिलं, मगच लिहायला बसले.

कोळशाने भिंतीवर काढलं असतंस तरी चाललं असतं, असं तू म्हणाली होतीस. मी मोठे कागद भिंतीवर लावले, खडू दिले, पेनं दिली, प्रश्न दिले. मुलं येतात. वकील येतो, सूर्यात थेंब टाकणारी येते, भांडणं होतात. तेव्हा तुझं निम्मं खरं होतं, मानते. कागदावरचा थेंब एकदा काढला की हलत नाही, मत बदललं की खाडाखोड करावी लागते, आणि खाडाखोड दिसू नये म्हणून मुलं मतच बदलत नाहीत. पण ते राहू दे. तंट्याचा मुद्दा तो नाही.

मुंगी येत नाही. कागदापाशीही येत नाही. हजेरीला हात वर करायची, तोही आता बाकाखालीच असतो. मी तिचं नाव वाचते आणि डोळ्यांनी शोधून 'हजर' लिहिते.

परवा तिची आई शाळेत आली. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत उभी. म्हणाली, "बाई, हिनं काय बिघडवलंय ते मला सांगा."

म्हटलं, "काहीच नाही. कुणी म्हटलं?"

"ती घरात कशालाच हात लावत नाही. पंख्याचं बटण मला दाबायला लावते. शेजारी पाठवलं तर बेल असून दार ठोकते, तेही कोपराने. विचारलं तर म्हणते, माझ्या बोटानं गोष्टी बंद पडतात."

आत्या, मी तिला सांगितलं नव्हतं असं समजू नकोस. तुझं पत्र आलं त्याच दिवशी वर्गाला सांगितलं होतं की फळा बिघडलेला नाही, बंद केलेला आहे. शब्दही तुझाच वापरला: 'मोठ्यांनी'. त्यावर वकील उठला.

"कुणी?"

"वरून आदेश आलाय."

"वर म्हणजे कुठे बाई, गच्चीवर?"

वर्ग हसला. मुंगी हसली नाही, माझ्याकडे पाहत राहिली.

"आदेश कुणीतरी काढला असेल ना?" वकील थांबेना. "त्याला नाव असेल. का काढला तेही असेल."

नाव मला माहीत होतं, कारणही माहीत होतं. त्यात माझे स्वतःचे शब्द होते, आणि ते ज्या तोंडून गेले ते तोंड माझ्या घरचं होतं. मी वर्गाकडे पाठ केली आणि तारीख लिहायला लागले. मागे शांतता पसरली. तुला पहिल्या पत्रात लिहिली होती ना, तीच, गोदामातली. फक्त या वेळी प्रश्न मुलांचा होता आणि मुकी मी होते.

मग वकील खाली बसता बसता शेजाऱ्याला म्हणाला, पण मला ऐकू यावं इतक्या मोठ्याने, "मोठ्यांनी केलं असतं तर बाईंनी नाव सांगितलं असतं. म्हणजे आपल्यातल्याच कुणीतरी बिघडवलाय." आणि सगळा वर्ग मुंगीकडे वळून पाहायला लागला. शेवटचं बोट तिचं होतं.

पोराची काय चूक? समोरच्या पुराव्यावरून त्याने बरोबर निष्कर्ष काढला. पुरावा मी लपवला होता.

तू लिहितेस, जानेवारीत अधिवेशन आहे, हजारो शिक्षक येतील, खुर्च्या हलतील. हलतील, मला शंका नाही. मी लहान असताना बाबांच्या खांद्यावर बसून तुझी भाषणं ऐकली आहेत, अंगावर काटा यायचा. पण एकदा स्वतःलाच विचार. तुझ्या सभेत कुणी कधी उठून "कुणी?" असं विचारलं आहे का? "गेलं, तर दिसत का नाही?" असं विचारलं आहे का? त्यांनी फक्त टाळ्या वाजवल्या. तुझ्या वर्गात आम्ही "मला नाही पटत" म्हणत होतो आणि तू खूश व्हायचीस. व्यासपीठावर गेल्यापासून तुला तसं म्हणणारं कुणी उरलं नाही. समितीच्या टेबलाशी तुझ्या पिशवीत तशी एक मुलगी होती, आणि तू पिशवीचा बंद उघडला नाहीस.

मी तुला टोचत नाही. मी दारातल्या मुख्याध्यापिकांकडे पाहून पासवर्ड गिळला, आपल्या दोघींचं पाणी सारखंच आहे. म्हणून माझ्यापुरतं ठरवलं आहे. सोमवारी दुसऱ्या तासाला मी सगळ्यांसमोर पासवर्ड टाकणार. मुख्याध्यापिकांना आजच लेखी कळवलं आहे, चोरून काही करणार नाही. त्यावर कायम व्हायचं राहिलं तर राहिलं.

पण फळा चालू झाल्याने मुंगीचा प्रश्न सुटत नाही. तो पुन्हा चालू होताना तिने पाहिला तर तिला एवढंच कळेल की बाईंनी दुरुस्त केला, आणि बोट लावायला ती आणखी घाबरेल. तिला नाव हवं आहे, आणि कारण. ते मी सांगून चालणार नाही, कारण एकदा पाठ फिरवलेल्या बाईवर पोरं लगेच विश्वास ठेवत नाहीत. ज्याने केलं त्यानेच सांगायला हवं, तिच्यासमोर उभं राहून, तिला समजेल अशा चार साध्या वाक्यांत. टाळ्या पडणार नाहीत. वकील उलटतपासणी घेईल. मुंगी कदाचित काहीच बोलणार नाही, आणि ते तुला ऐकून घ्यावं लागेल.

अधिवेशनाचा मसुदा मिटवून ठेव. सोमवारी ये. दुसऱ्या तासाला माझ्या वर्गात ये, फळ्यापाशी नको, मुंगीच्या बाकापाशी उभी राहा, आणि तिला सांग: "फळा तू बिघडवला नाहीस. तो मी बंद करवला."

तुझी,
टकळी